वकीलबाईंचा गाऊन आणि शून्य ऑफसेट

“शून्य म्हणजे शून्य,” मास्तर चौथ्यांदा म्हणाले. “जे मुळात नाही, ते मी वरून घालणार नाही.”

“आणि जे मुळात होतं, ते कात्रीने काढणार,” असं म्हणून त्यांच्या बायकोने, म्हणजे टेलरबाईंनी, वकीलबाईंचा काळा गाऊन दोन्ही हातांनी खिडकीसमोर धरला आणि त्याच्या पाठीत पडलेल्या भोकातून नवऱ्याकडे पाहिलं. भोक चांगलं लिंबाएवढं होतं. त्यातून बाईंचा एक डोळा आणि चष्म्याची अर्धी काडी दिसत होती. चव्वेचाळीस वर्षांच्या संसारात मास्तरांना त्या डोळ्याची इतकी भीती कधी वाटली नव्हती. (वाटली होती. पण तेव्हा समोर दोन डोळे असायचे, त्यामुळे ती विभागली जायची.)

खरं म्हणजे त्या गुरुवारी दुपारी शिवणाच्या खोलीत एक नव्हे, दोन भांडणं चालू होती. मास्तर भांडत होते कॅमेऱ्याच्या ऑफसेटवरून, बाई भांडत होत्या गाऊनवरून. दोघंही आपापलं भांडण नेटाने पुढे रेटत होते, आणि एकाच्या भांडणातलं उत्तर दुसऱ्याच्या भांडणात बरोबर बसत होतं, म्हणून दोन्ही मिटत नव्हती.

मास्तर म्हणजे शाळेत चौतीस वर्षं विज्ञान शिकवून निवृत्त झालेले गृहस्थ. शाळेत ते मास्तर. गल्लीत मात्र त्यांना ‘टेलरबाईंचे मिस्टर’ म्हणत. त्याला कारण होतं. गल्लीतल्या प्रत्येकाच्या अंगावर बाईंचा एखादा तरी टाका होता, आणि विज्ञान काही कोणाच्या अंगावर दिसत नव्हतं. बाईंचे वडीलही त्याच शाळेत विज्ञानाचे गुरुजी होते, मास्तर त्यांच्याच हाताखाली शिकले. पण बाईंना शाळेचा लहानपणापासून कंटाळा. त्या शिवण शिकल्या ते दुसऱ्यांनी शिवलेले कपडे उसवून. गुरू नाही, वर्ग नाही, प्रमाणपत्र नाही. आणि अशा माणसाला जे येतं ते पक्कंच येतं, हे प्रमाणपत्रवाल्यांना कधी पटत नाही.

मास्तरांची एक ख्याती होती. चौतीस वर्षांत त्यांनी एकाही मुलाला एकही ग्रेस मार्क दिला नाही. चौतीस मार्क पडलेलं पोर रडत यायचं, आई पदर डोळ्याला लावून उभी राहायची, मुख्याध्यापक खाकरायचे, पण मास्तर ढिम्म. मग त्यांचं ठरलेलं भाषण व्हायचं. ते गल्लीतल्या कुत्र्यांनाही पाठ होतं: मला स्वतःला शाळेच्या शेवटच्या वर्षी पूर्वपरीक्षेत विज्ञानात पस्तीस होते, पास व्हायला पस्तीसच लागतात, काठावर का होईना पण स्वतःच्या पायांवर उभा होतो, कोणी खालून फळी सरकवली नव्हती. हे ऐकून पोर आणखी जोरात रडायचं.

तर दोन महिन्यांपूर्वी शाळेच्या नव्या मुख्याध्यापिका घरी आल्या. आठवीत असताना मास्तरांनी त्यांना तेहेतीस मार्कांवर नापास केलं होतं. ते दोघांनाही चांगलं आठवत होतं, त्यामुळे चहा जरा घाईनेच प्यायला गेला. त्यांचं म्हणणं असं, की शाळेत नवी प्रयोगशाळा होते आहे आणि तिच्या मोठ्या भिंतीवर सरांचा तेजोमेघ, आकाशातला तो चमकत्या वायूचा ढग, हवा. तोच, जो सर दर वर्षी फळ्यावर खडू आडवा धरून काढायचे आणि डस्टरने कडेकडेने पुसट करायचे. सरांकडे आता दुर्बीण आहे असं कळलं, तर सरांनीच त्याचा फोटो काढून द्यावा.

त्या गेल्यावर मास्तर दुर्बीण पुसत बसले. चौतीस वर्षं त्यांनी तो तेजोमेघ शिकवला होता, आकाशात तो कुठे असतो, किती लांब असतो, कशाने चमकतो हे सगळं. पण स्वतः एकदाही पाहिला नव्हता. डोळ्यांना तो दिसतच नाही, इतका फिकट. म्हणजे हजारभर मुलांना त्यांनी निव्वळ शब्दावर विश्वास ठेवायला लावलं होतं. आता एकदा तरी, आपण शिकवलं ते खरोखर तिथे आहे का, हे बघायला हवं होतं. त्यांनी बाईंना हे सांगितलं नाही. बाईंना ते कळलं, म्हणून कॅमेरा आला.

कॅमेरा आला आणि सगळं दोन आकड्यांपाशी येऊन अडलं. एक गेन, दुसरा ऑफसेट. गेन म्हणजे रेडिओचा आवाज वाढवण्याची खुंटी समजा. गाणं मोठं होतं, पण खरखरही मोठी होते, आणि फार पिळली की गाणाऱ्याचा गळा फाटतो. ऑफसेटचं पुढे येईलच, भांडण त्याच्यावरच झालं.

दोन गल्ल्या सोडून एक दातांचे डॉक्टर राहतात, ते बारा वर्षं आकाशाचे फोटो काढतात. त्यांनी एका वाक्यात सांगून टाकलं होतं, गेन शंभर ठेवा, ऑफसेट पन्नास ठेवा, आणि निवांत झोपा. पण रीत न दाखवता नुसतं उत्तर लिहिणाऱ्याला मास्तर जन्मभर शून्य देत आले होते. दाढ काढणाऱ्याचं उत्तर ते तसंच्या तसं कसं उतरवून घेतील?

सोमवारी रात्री त्यांनी गच्चीवर गेन खुंटीच्या टोकापर्यंत नेला. जास्त म्हणजे जास्त, एवढी साधी रीत. सकाळी पाहतात तर प्रत्येक तारा शर्टाच्या बटणाएवढा पांढराफटक, आणि मधे तांबड्या खरखरीचा गालिचा. बाईंनी चष्मा लावून पाहिलं आणि हा कुठल्या कापडाचा नमुना आहे, असं विचारलं. मंगळवारी त्यांनी रागाने गेन शून्यावर आणला. त्या रात्री खरखर मोठी आणि तेजोमेघ बारीक, असा प्रकार झाला. बुधवारी त्यांनी गेन शंभर ठेवला. तो आपण प्रयोगान्ती शोधून काढला असं त्यांनी वहीत लिहिलं. डॉक्टरांचा उल्लेख जागेअभावी राहून गेला.

ऑफसेट मात्र तिन्ही रात्री शून्य. त्याला हात लावायचा प्रश्नच नव्हता. कारण पुस्तिकेत त्यांनी वाचलं होतं, की ऑफसेट म्हणजे फोटोतल्या प्रत्येक ठिपक्याच्या आकड्यात कॅमेरा आपल्या पदरचे थोडे आकडे मिळवतो. प्रत्येक ठिपक्याला, सरसकट, त्याने काही उजेड दाखवलेला असो वा नसो. मास्तरांनी पुस्तिका मिटली. याला ते चौतीस वर्षं ग्रेस मार्क म्हणत आले होते.

आता वकीलबाईंचा गाऊन यात कसा आला ते ऐका.

असल्या फोटोंना जोडीला अंधाराचे फोटो लागतात. कॅमेऱ्यावर टोपी लावायची, गेन-ऑफसेट तेच ठेवायचे, आणि नुसत्या काळोखाचे वीस-पंचवीस फोटो काढायचे. मग खऱ्या फोटोतून ते वजा करायचे, म्हणजे कॅमेऱ्याच्या स्वतःच्या खोड्या निघून जातात. हे काम दिवसाही होतं. गुरुवारी सकाळी मास्तर या कामाला बसले, तर टोपीच्या कडेतून उजेडाची फट आत शिरत होती. काहीतरी काळं आणि दाट गुंडाळायला हवं. बाई भाजी आणायला गेल्या होत्या. शिवणाच्या टेबलावर काळ्या कापडाची एक घडी पडली होती, तिच्यावर खडूच्या दोन रेघा. मास्तरांना वाटलं उरलेला तुकडा. (घडी घातलेला गाऊन गाऊनसारखा दिसत नाही, हा निसर्गनियम त्यांना कोणी शिकवला नव्हता, आणि त्यांनीही कोणाला शिकवला नव्हता.)

कॅमेरा छान गुंडाळला गेला, पण त्याच्या दोन वायरी बाहेर यायला वाट नव्हती. मग मास्तरांनी वाट केली. आणि ती केली बाईंच्या मोठ्या कात्रीने, जिने या घरात कागदसुद्धा कापायची कोणाची टाप नव्हती. अगदी सफाईने गोल कापलं. फळ्यावर हातानेच पूर्ण वर्तुळ काढायची त्यांची सवय तिथे कामी आली.

आणि फोटो काय सुंदर आले! मास्तरांनी लॅपटॉपवर आकडे पाहिले. शून्य, शून्य, शून्य, शून्य. क्वचित कुठेतरी एक-दोन. काळोख असावा तर असा. शंभरपैकी शंभर. आनंदाने त्यांना बसवेना. मग त्यांनी बुधवारच्या फोटोतून हा उत्तम काळोख वजा केला, आणि तेजोमेघ पडद्यावर आला.

मधोमध एक तांबडा डाग. त्याच्या कडा कात्रीने कापल्यासारख्या. आणि बाहेर डांबरासारखं सपाट काळं. पुस्तकातल्या फोटोत जिथे फिकट धूर लांबवर पसरलेला असतो, झालरी असतात, दोरे असतात, तिथे काही म्हणजे काही नाही. तेजोमेघ कसला, काळ्या शर्टावर सांडलेलं औषध.

मास्तरांनी नाइलाजाने डॉक्टरांना फोन लावला. मागे कोणाची तरी दाढ कोरण्याचा आवाज चालू होता. डॉक्टरांनी एवढंच विचारलं, की टोपी लावलेल्या फोटोत सगळ्यात लहान आकडा किती? मास्तर अभिमानाने म्हणाले, शून्य. डॉक्टर म्हणाले, तिथेच मेलात. आणि मग कोरता कोरता त्यांनी रीतही सांगितली. कॅमेऱ्याच्या प्रत्येक ठिपक्याचा आकडा जरासा थरथरत असतो, कधी थोडा वर, कधी थोडा खाली. जमीन शून्यावर ठेवली तर जो खाली जाईल त्याला कॅमेरा सरळ शून्य लिहितो, किती खाली गेला ते बघतच नाही. तुम्ही वर एकाच लाल रंगाची गाळणी, म्हणजे फिल्टर, लावता, मग मागचं आकाशही काळंच. त्यामुळे फिकट उजेडाचे जे ठिपके असतात ते याच गाळात बुडतात, ते पुन्हा काढता येत नाहीत. म्हणून सगळ्यांना थोडं वर उचलायचं. टोपी लावून फोटो काढायचा, आणि एकही ठिपका शून्यावर टेकत नाही इतपत ऑफसेट वाढवायचा. वर मिळवलेलं नंतर अंधाराच्या फोटोबरोबर वजा होऊन जातं. तुमच्या कॅमेऱ्याला पन्नास पुरे. पेशंट, चूळ भरा.

नेमके त्याच वेळी बाई भाजी ठेवून शिवणाच्या खोलीत गेल्या आणि त्यांनी कॅमेऱ्यावरचं कापड उलगडलं.

तिथून पुढचं म्हणजे आपण सुरुवातीला पाहिलं ते. गाऊन दुसऱ्या दिवशी सकाळी द्यायचा होता. फोटो शनिवारी द्यायचा होता, आणि शुक्रवारपासून आठवडाभर ढग असं हवामानवाल्यांचं भाकीत होतं. म्हणजे मास्तरांच्या हाती फक्त ती एक रात्र.

“वजाच करायचं असेल तर आधी द्यायचंच कशाला?” मास्तरांनी डॉक्टरांचं सगळं म्हणणं सांगून झाल्यावर विचारलं. डॉक्टरांशी ते हे बोलू शकले नव्हते, म्हणून इथे बोलत होते.

बाईंनी सुईत काळा दोरा ओवला. “कच्चे टाके कशाला घालतात?”

“त्याचा इथे काय संबंध?”

“उसवायचेच असतात ना शेवटी. मग घालू नयेत?”

मास्तरांनी विषय बदलला. ऑफसेट म्हणजे तत्त्वाचा प्रश्न आहे असं ते म्हणाले. ज्याने उजेड दिला त्याला आकडा, नाही दिला त्याला शून्य, यालाच न्याय म्हणतात. बाई म्हणाल्या, न्यायाचं उद्या वकीलबाईंना समजावून सांगा, पाठीला वारा लागला की त्यांना लवकर पटेल.

तेवढ्यात मुख्याध्यापिकेचा फोन आला. फ्रेम टांगून झाली आहे, काच बसवली आहे, आत अजून कोरा पुठ्ठा आहे, एवढं सांगून त्या फार मऊ आवाजात म्हणाल्या, की सर, अगदीच नसेल जमत तर मनाला लावून घेऊ नका, बाजारात छापील फोटो मिळतात, आपण तोच लावू आणि खाली तुमचंच नाव घालू.

मास्तरांनी फोन ठेवला. तेहेतीसवाल्या मुलीने आपल्याला ग्रेस मार्क देऊ केले, हे त्यांच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. लक्षात आलं तेव्हा ते शिवणाच्या स्टुलावर बसले. स्टुलावर टाचण्यांची उशी होती. तरीही ते उठले नाहीत, यावरून मनाची अवस्था कळावी.

बाईंनी गाऊनचा खालचा घेर उलटा केला. घेर दुमडून आत त्यांनी चार बोटं कापड सोडलं होतं. शिवणात अशी जी पट्टी आत राखून ठेवतात तिला माया म्हणतात. बाहेरून ती कोणाला दिसत नाही, पण उद्या कपडा आखूड झाला, फाटला, तर तिच्यातूनच निभावतं. बाईंनी आतून एक गोल तुकडा कापला, पाठीतल्या भोकावर धरला, कापडाची वीण विणीला जुळवली आणि रफूचे टाके घालायला घेतले. मास्तर बघत राहिले. दहा मिनिटांत भोक लिंबाचं बोराएवढं झालं, मग मोहरीएवढं, मग कुठे होतं तेच सापडेना.

“ही माया गिऱ्हाइकाला दिसते का?” बाईंनी दोरा दातांनी तोडत विचारलं.

“नाही.”

“मग मी खोटं शिवलं का?”

मास्तरांनी टाचण्यांची उशी खालून काढून बाजूला ठेवली. ते ‘नाही’ म्हणायला निघाले होते, पण ते म्हटलं असतं तर ऑफसेट द्यावा लागला असता, आणि ऑफसेट दिला असता तर आणखीही कोणाकोणाला काहीतरी द्यायचं राहून गेलं असं झालं असतं. चौतीसवालं ते पोर, त्याची आई. आठवीतली ती मुलगी, जी एक वर्ष मागे बसली आणि लहान भावाच्याच वर्गात आली. सगळे काठाच्या बोटभर खाली, आणि मास्तरांच्या वहीत सगळ्यांसमोर एकच शेरा. त्या वेळी ते इतकं स्वच्छ दिसायचं, आज सकाळच्या त्या काळोखाच्या फोटोसारखं.

आता पुढचं लपवून उपयोग नाही. त्या रात्री काढलेला फोटो शाळेच्या प्रयोगशाळेत लागला. गेन शंभर, ऑफसेट पन्नास. त्याच्यात झालरी आहेत, दोरे आहेत, एका कडेला धुराचा इतका फिकट पदर आहे, की मुलं बोट लावून तो कुठे संपतो ते शोधतात. (त्यावरून हेही सिद्ध झालं, की मास्तर चौतीस वर्षं तेजोमेघ फळ्यावर उलटा काढत होते. हे अजून कोणी त्यांना बोललेलं नाही.) शनिवारी मुख्याध्यापिका फोटोसमोर पुष्कळ वेळ उभ्या राहिल्या. मास्तर त्यांच्या शेजारी जाऊन उभे राहिले आणि फक्त त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की आठवीतला तुझा तो पेपर मी आज तपासला असता तर दोन मार्क कुठे तरी सापडले असते. त्या म्हणाल्या, सर, मी रीत दाखवली नव्हती. आणि दोघंही हसले. शाळेत मास्तरांना हसताना बघायची शिपायाची ती पहिलीच वेळ.

पण हे सगळं झालं ते गुरुवारी संध्याकाळी शिवणाच्या खोलीत म्हटल्या गेलेल्या एका वाक्यामुळे, आणि ते वाक्य अजून सांगायचं राहिलं आहे.

सहा वाजून गेले होते. गाऊन इस्त्री होऊन हँगरला लागला होता. गच्चीवर दुर्बीण मांडायची वेळ झाली होती, आकाश धुतल्यासारखं होतं, आणि मास्तर अजून लॅपटॉपसमोर बसून होते. ऑफसेटच्या चौकटीत त्यांनी पन्नास लिहिले होते, खोडले होते, परत लिहिले होते, परत खोडले होते. बाईंनी कात्रीला तेल लावून ती कपाटात ठेवली, कपाटाला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोवली. (ती तिथेच आहे अजून.)

“तुझं सगळं पटतं गं,” मास्तर शेवटी म्हणाले. आवाज पडला होता, पण मान ताठ होती. “पण जन्मभर मी एकच गोष्ट धरून राहिलो. कोणाला दिलं नाही, कारण मीही कोणाकडून घेतलं नाही. पस्तीस पडले, काठावर पडले, पण एकूण एक मार्क माझा होता. आज ह्या कॅमेऱ्यासाठी ते सोडायचं?”

बाईंनी खुर्ची ओढली आणि त्यांच्यासमोर बसल्या. त्यांच्या वडिलांनी, म्हणजे मास्तरांच्या विज्ञानाच्या गुरुजींनी, लग्न ठरलं त्या दिवशी बाईंना बाजूला घेऊन एक गोष्ट सांगितली होती, आणि गरज पडल्याशिवाय वापरू नकोस असं बजावलं होतं. चव्वेचाळीस वर्षांत मोठमोठी भांडणं झाली, पण गरज म्हणावी अशी कधी पडली नव्हती. बाईंनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा लावला.

“तुमचे बत्तीस होते,” त्या म्हणाल्या, “वरचे तीन माझ्या बाबांनी घातले, आणि मला ते लग्नाच्या आधीपासून माहीत आहे.”